पुस्तकावर नाव घालताना या चुका टाळा

पुस्तकावर नाव असावंच. उसनं गेलेलं पुस्तक त्यामुळेच परत येतं. पण ते घालताना पुस्तकाला इजा होऊ नये. जुन्या पोथ्यांच्या शेवटी 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेत्' हा श्लोक असे: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा, अशी पुस्तकानेच केलेली विनवणी.

त्यातलं तेल आज बॉलपेनमधून येतं. ही शाई तेलकट असते, काही वर्षांनी पानाच्या मागे उमटते. दाबून सही केली तर वळ पुढच्या पानांवरही राहतो. बऱ्याच जेल पेनांची शाई ओल लागताच पसरते. त्यापेक्षा २बी पेन्सिलने पहिल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात नाव, गाव, साल लिहा. पेन्सिल उजेडाने फिकी पडत नाही. रबरी शिक्का मारलात तर वर टीपकागद ठेवूनच पुस्तक मिटा.

बुकप्लेट, म्हणजे मालकाच्या नावाची छापील चिठ्ठी, लावणाऱ्यांची चूक बहुधा चिकटवण्यात होते. जर्मनीत १४८० च्या सुमारास बुक्सहाइमच्या मठाला भेट दिलेल्या ग्रंथांत देवदूताचं चित्र असलेल्या छापील चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्यांतल्या काही आजही शाबूत आहेत, कारण तो कागद चिंध्यांचा होता. आजचे स्वस्त स्टिकर पिवळे पडतात, सेलोटेप तर सुटून जाते आणि तपकिरी डाग तेवढा मागे ठेवते. सुतारकामाचा पांढरा गोंद वाळला की पाण्याने सुटत नाही. कुरडयांसाठी काढतात तसा गव्हाचा चीक मिठाशिवाय शिजवा आणि पातळसा लावा. जाड थरावर कसर येते. कसर लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते इथे नको. त्यातलं तांबं कागद ठिसूळ करतं.

चिठ्ठी वळते आहे? कागदाची ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. लावल्यावर बटर पेपर घालून रात्रभर वजनाखाली ठेवा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे आधीच्या मालकाचं नाव व्हाइटनरने पुसणं किंवा ते पानच फाडणं. रद्दीतून मिळालेल्या पुस्तकावरचं 'चि. … यास मुंजीनिमित्त सप्रेम भेट' हा त्या पुस्तकाचा इतिहास आहे, तो आपण का मिटवायचा? त्याच्याखाली आपलं नाव लिहा. मात्र वाचनालयाचा शिक्का असेल आणि 'रद्द' असा दुसरा शिक्का नसेल, तर नाव घालण्याआधी त्या वाचनालयात चौकशी करा.