इफ्तार दोन टप्प्यांत: रोजा सोडताना सावकाश कसे जेवावे

रमजानमध्ये दिवसभर पाळलेला संयम मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या, अजाननंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत बहुधा सुटतो, आणि यात माणसाच्या मनोनिग्रहापेक्षा दस्तरखानाच्या (जेवणासाठी अंथरलेल्या कापडाच्या) मांडणीचा दोष अधिक असतो. खजूर, कापलेली फळे, भजी, समोसे, शरबत आणि शेजारीच बिर्याणीचे पातेले असे सगळे एकाच वेळी समोर आले, तर तेरा-चौदा तासांची भूक निवड करीत बसत नाही. म्हणून इफ्तारचे दोन भाग करावेत: मगरिबच्या नमाजपूर्वी केवळ रोजा सोडावा आणि नमाजनंतर जेवावे. ही रीत नवी नाही. प्रेषितांचे साथी हजरत अनस बिन मालिक यांच्या हदीसनुसार (प्रेषितांच्या उक्ती-कृतीच्या कथनानुसार) प्रेषित मुहम्मद (स.) नमाजपूर्वी काही ताज्या खजुरांनी रोजा सोडत, ते नसतील तर सुक्या खजुरांनी, आणि तेही नसतील तर पाण्याच्या काही घोटांनी.

या क्रमामागे शरीराच्या दृष्टीनेही चांगले कारण आहे. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. खजुरातील साखर लवकर रक्तात उतरते, पाण्याने घशाची कोरड जाते, आणि मगरिबच्या तीन फर्ज (अनिवार्य) व दोन सुन्नत (प्रेषितांच्या प्रथेनुसारच्या) रकात, म्हणजे नमाजची आवर्तने, आटोपून माणूस परत येतो तोवर भुकेची पहिली धार बोथट झालेली असते. ज्या घरांत भज्यांचे ताट संपवूनच नमाजला उठण्याची सवय आहे, तिथे ही वाट पाहणे वाया जाते, कारण परत आल्यावर अर्धवट भरलेल्या पोटावर पुन्हा पूर्ण जेवण चढते.

तयारी असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतरच ठरवून करावी. दस्तरखानावर खजूर, पाणी, एखादे फळ आणि फार तर एक पेय एवढेच मांडावे. जेवणाची पातेली स्वयंपाकघरातच राहू द्यावीत. तळणीचा एकच पदार्थ करावा, आणि तोही पहिल्या टप्प्यात न घेता जेवणासोबत घ्यावा. रोजेदाराला इफ्तार घडवणाऱ्यास त्या रोजेदाराइतकेच पुण्य मिळते, अशी हदीस आहे. मोहल्ल्यात शेजाऱ्यांकडे किंवा मशिदीत ताट पाठवण्याची चाल त्यातूनच टिकून आहे. हे ताट अजानपूर्वीच पाठवावे. उरलेले पाठवण्यापेक्षा ते शोभतेही, आणि घरातले ढीग आपोआप कमी होतात.

सावकाश खाणे म्हणजे रोजा सोडायला उशीर करणे नव्हे, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. इफ्तार करण्यात लोक तत्परता दाखवतील तोवर त्यांचे भले होत राहील, असे हदीसमध्ये आहे. तेव्हा वेळ झाल्यावर आणखी थोडे थांबून दाखवण्यात काही विशेष नाही. वेळ होताच बिस्मिल्लाह म्हणून एक खजूर घ्यावा, तो नीट चावून खावा, बी बाजूला ठेवावी आणि मगच दुसऱ्याकडे हात न्यावा. पाणी बसून, तीन दमांत प्यावे; फ्रीजमधील बर्फासारखे गार पाणी घटाघट प्यायल्यास पोटच पाण्याने भरते आणि नंतर जेवण जड होते. तहान भागली, शिरा ओलावल्या, अल्लाहने इच्छिले तर पुण्यही नक्की झाले, अशा अर्थाची जी दुआ रोजा सोडल्यावर म्हणतात, ती घाईने पुटपुटू नये, कारण तिच्यात वर्णन केलेली गोष्ट त्याच क्षणी शरीरात घडत असते. शरबत हवे असेल तर एकच पेला, कमी साखरेचा, सब्जा घातलेला घ्यावा.

दुसऱ्या टप्प्यात पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवण्याची हदीस सर्वांना पाठ असते. मात्र त्याच हदीसमध्ये आधी, पाठ ताठ ठेवतील एवढे चार घास माणसाला पुरेत, असे म्हटले आहे. एकतृतीयांशाची मुभा त्याहून जास्त खाणे टाळता येत नसेल त्याच्यासाठी आहे. हे लक्षात घेऊन आधी डाळ, भाजी किंवा सूप, मग थोडे मांस, आणि भात-पोळी शेवटी असा क्रम लावावा. एकाच थाळात सर्वांनी जेवायचे असेल तर आपल्या बाजूचेच खावे. मुंबईच्या भेंडी बाजारातील दाऊदी बोहरा घरांत मीठ चाखून जेवण सुरू होते आणि थाळात पदार्थ एकामागून एक येतात. त्यामुळे मधल्या वेळात बोलणेही होते आणि हातही थांबतो. टीव्ही आणि मोबाइल मात्र बंद असावेत, नाहीतर किती खाल्ले हे कळतच नाही.

कुठे थांबायचे याचे उत्तम माप तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, देते. वीस रकात पढणाऱ्याला चाळीस सजदे (जमिनीला कपाळ टेकणे) करायचे असतात. कपाळ जमिनीला टेकताना छातीत जळजळ होणार नाही किंवा ढेकर येणार नाही, इतपतच जेवावे.

मधुमेह असलेल्यांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा बदलून घ्याव्यात, आणि रोजा सोडताना खजुरांची संख्या व शरबत याबाबतही विचारावे. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, असे बहुतेक आलिम (धर्मपंडित) सांगतात. साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडावा. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे.

मुंबईत मोहम्मद अली रोडला, मिनारा मशिदीच्या गल्लीत जायचे असेल, तर तरावीहनंतर जावे आणि एक मालपुवा तिघा-चौघांत वाटून घ्यावा. त्या संध्याकाळी घरचे जेवण अर्धेच ठेवावे, कारण मध्यरात्री पोट गच्च भरले की सहरीला (पहाटे रोजापूर्वीच्या जेवणाला) घास उतरत नाही, आणि बिनसहरीच्या रोजाची भूक पुढच्या इफ्तारला दुप्पट जोराने हात मारायला लावते.