माउस जोडल्यावर टचपॅड बंद पडतो? या चुका टाळा

बाहेरचा माउस जोडला की लॅपटॉपचा टचपॅड निपचित पडतो आणि माउस काढताच तो पूर्ववत चालू लागतो, अशी तक्रार असेल तर टचपॅडमध्ये बहुधा काहीही बिघाड नसतो. माउस वापरताना तळहाताच्या स्पर्शाने पडद्यावरचा बाण भलतीकडे जाऊ नये, म्हणून विंडोजमध्येच तशी सोय करून ठेवलेली आहे. तरीही इंदूरमध्ये पुष्कळ जण लॅपटॉप पिशवीत घालून थेट संगणकाच्या दुकानांचा सिल्व्हर मॉल गाठतात. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरीच करता येण्याजोगी एक साधी चाचणी आहे आणि ती न करणे ही पहिली चूक.

माउसची वायर किंवा वायरलेस रिसीव्हर काढावा, माउस ब्लूटूथचा असेल तर लॅपटॉपचे ब्लूटूथ बंद करावे, आणि मग टचपॅडवर बोट फिरवून पाहावे. येथे अनेक जण फसतात, कारण माउसच्या खालच्या बाजूचे बटण बंद केले म्हणजे माउस निघाला, असे ते धरून चालतात. संगणकाच्या लेखी मात्र यूएसबीच्या खाचेत बसलेला नखाएवढा रिसीव्हर हाच माउस असतो. प्रत्यक्ष माउस कपाटात ठेवलेला असला तरी त्याला फरक पडत नाही. वायरलेस कीबोर्डचा रिसीव्हरही पुष्कळदा कीबोर्ड आणि माउस अशी दुहेरी ओळख देतो, त्यामुळे घरात माउसच नसतानाही टचपॅड बंद राहू शकतो.

दुसरी चूक सेटिंग्जमध्ये होते, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते असे मला वाटते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड या क्रमाने गेल्यावर वरच एक स्विच दिसतो. तो चालू असल्याचे पाहून लोक समाधानाने परततात. खरी मेख त्या स्विचशेजारच्या छोट्या बाणामागे असते: तो बाण दाबल्यावर ‘लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माउस इज कनेक्टेड’ अशी चौकट उघडते, आणि तिच्यात खूण केलेली असेल तरच माउस जोडूनही टचपॅड चालू राहतो. विंडोज १० मध्ये हीच चौकट सेटिंग्जमधील डिव्हायसेस या भागात, टचपॅडच्या पानावर आहे. जुन्या लॅपटॉपवर ती तेथे न दिसल्यास कंट्रोल पॅनेलमधील माउसच्या खिडकीत सिनॅप्टिक्स किंवा इलान या नावाचा टॅब शोधावा. तेथील वाक्याचा अर्थ नेमका उलटा असतो: बाहेरचा माउस जोडल्यावर आतील साधन बंद करा, असे ते सांगते, म्हणून तेथील खूण काढावी लागते. मॅकवरही अ‍ॅक्सेसिबिलिटीतील पॉइंटर कंट्रोलमध्ये याच उलट्या अर्थाचा पर्याय आहे.

टचपॅड बंद आणि त्यातच माउसचा सेल संपलेला, अशी अडचण झाली तर विंडोज आणि आय ही बटणे एकत्र दाबून सेटिंग्ज उघडता येतात, आणि टॅब, बाणाची बटणे व स्पेसबार यांच्या साहाय्याने पुढचे सर्व काम होते.

माउस पूर्णपणे काढूनही टचपॅड जागा होत नसेल, तर मात्र कारण वेगळे असते. कीबोर्डच्या वरच्या ओळीत टचपॅडचे चित्र असलेले बटण चुकून दाबले गेले आहे का, हे आधी पाहावे. काही लॅपटॉपवर ते एफएन बटणासोबत दाबावे लागते. ड्रायव्हरकडे, म्हणजे टचपॅड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, त्यानंतर वळावे, आणि तो लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये दुरुस्त करण्याचे आश्वासन देणारी मोफत सॉफ्टवेअर टाकणे ही या प्रकरणातील सर्वांत महागात पडू शकणारी चूक आहे.

एका लक्षणाकडे मात्र कोणत्याही परिस्थितीत काणाडोळा करू नये. टचपॅड एका कडेने उचललेला दिसत असेल, त्याचे क्लिक घट्ट झाले असेल किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगत असेल, तर खालची बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता असते. पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्याकडच्या उन्हाळ्यात, बंद मोटारीत लॅपटॉप ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर खराब होते. अशा वेळी टचपॅड दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये. चार्जर काढावा, लॅपटॉप बंद करावा आणि जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्यावी.