कंपनीने दिलेला मानवी हक्कांचा शब्द कसा तपासाल?
चाकणला कंत्राटी कामगारांमध्ये काम करताना मी प्रत्येकाला सांगते, गेटवरच्या फलकावर विसंबू नका, अहवाल उघडा. बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातल्या पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, २०२२-२३पासून ‘बीआरएसआर’ म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केलाय. बहुतेकदा तो वार्षिक अहवालातच सापडतो. त्यातलं पाचवं तत्त्व मानवी हक्कांचं, सरळ तिथे जा.

आधी किमान वेतनाचा तक्ता. त्यात कायम नसलेल्या कामगारांची वेगळी ओळ असते. किती जणांना किमान वेतनाइतकंच मिळतं आणि किती जणांना त्याहून जास्त, ते तिथे कळतं. शेजारी आपली पगाराची स्लिप ठेवा आणि फक्त ही ओळ जुळवा. कायम कामगारांचे आकडे चांगलेच दिसतात, त्यांत अडकू नका.

मग तक्रारी. हजारो कामगार आणि तक्रारी शून्य असतील तर मला काळजी वाटते. लोक बोलायला घाबरतात का, हे युनियनमार्फत लेखी विचारा.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवीच, २०१३चा कायदाच आहे. कंत्राटी बाईलाही तिथे दाद मागता येते. तक्रार लेखी द्या, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.