पोरगं ‘चालु’ म्हणालं तर थांबा: घरी जाऊन ओटी घेणाऱ्यांनी या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका घरी ओटीची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, सहायक म्हणून माझा दुसराच आठवडा होता. पाच वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), दोन्ही पाय कडक. आमच्या थेरपिस्ट मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी त्याच्या पोटरीला ताण देत होते आणि तो सारखा ‘चालु, चालु’ म्हणत होता. मला वाटलं, गडी रंगात आलाय. मी चालू ठेवलं. कोपऱ्यात विड्या वळत बसलेली त्याची आजी शेवटी सूप खाली ठेवून उठली. “बाई, पुरे म्हणतंय की हो ते!” तेलुगूत ‘चालु’ म्हणजे ‘पुरे’.

सोलापुरात हे काम करायचं असेल तर खेळण्यांच्या आधी शब्द गोळा करा. तेलुगू घरात ‘चालु’ म्हणजे पुरे आणि ‘नोप्पी’ म्हणजे दुखणं. कन्नड घरात ‘साकु’ आणि ‘नोवु’. जे मूल बोलतच नाही, त्याच्या आईला पहिल्या दिवशी विचारा, “ह्याला नको असलं की हा काय करतो?” कुणी मान फिरवतं, कुणी पायाची बोटं आवळतं. एक मुलगी हसायची. ते हसू बघून मी खूश व्हायचे. ती घाबरली की तशी हसते, हे तिच्या आईने महिन्याभराने सांगितलं. आणि रडवून दिलेला ताण तसाही फुकट जातो, कारण रडताना कडक स्नायू आणखी कडक होतात. थांबा, मुलाला शांत होऊ द्या, मग हळू सुरू करा. तरीही जमलं नाही तर त्या दिवशी दुसरं काही घ्या आणि मॅडमना कळवा.

आपण कोण, हे विसरणं

‘ओटी’ म्हटलं की निम्म्या घरांना ऑपरेशन थिएटर आठवतं आणि उरलेल्यांना खणानारळाची ओटी. त्यामुळे “मुलाला रोजची कामं त्याची त्याला करता यावीत म्हणून मी येते” एवढंच सांगते. आपण सहायक. तपासणी थेरपिस्ट करतात, उद्दिष्टं त्या ठरवतात, आपण ती घरात राबवतो. हे सोपं वाटतं, पण चहाचा कप हातात आला की आजी विचारतेच: “बाई, हा चालंल का ओ?” इथे दहापैकी नऊजणी घसरतात. “होईल हो सगळं नीट” हे आपण धीर द्यायला बोलतो, पण ते वाक्य त्या घरात वर्षानुवर्षं राहतं. “ते मॅडम तपासून सांगतील, पण गेल्या महिन्यात धरून उभा राहत नव्हता, आज राहिला” असं सांगा. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. ताण किती द्यायचा, स्प्लिंट (हात-पाय नीट स्थितीत धरणारा आधार) किती तास घालायचं, घास किती घट्ट हवा, हेही आपल्या मनाने बदलायचं नाही.

मांडी घालून बसवण्याचा हट्ट

आपली घरं जमिनीवरची. जेवण, अभ्यास, टीव्ही, सगळं खाली बसून. ज्याच्या मांडीमागचे स्नायू आखडलेत त्याला पाय पसरून बसवलं की ते स्नायू कंबरेचं हाड मागे ओढतात, पाठीला पोक येतं आणि तोल सावरायला दोन्ही हात जमिनीवर टेकतात. मग आपण त्याच हातात ठोकळे देतो आणि वर म्हणतो, मूल हात वापरत नाही!

घरातली चादर घडी करून ढुंगणाखाली द्या. दोन-तीन इंच उंची मिळाली की पाठ सरळ होते आणि हात मोकळे होतात. त्याहून बरं म्हणजे लाकडी पाट किंवा बुटकं स्टूल. मात्र पाय लोंबकळता कामा नयेत. टेकत नसतील तर खाली वीट ठेवा आणि वीट टॉवेलात गुंडाळा. टॉवेलांना आपल्या गावात काय तोटा!

मूल मागे कमान करून घसरत असेल तर छाती दाबून बसवू नका, ते आणखी जोर करेल. आधी खुबे वाकवा, मग गुडघे, मग तळवे टेकवा. कमान आपोआप सुटते. आणि फेंगडे पाय टाकून बसणाऱ्या मुलाला दिवसातून पन्नास वेळा ‘नीट बस’ म्हणण्यात अर्थ नाही. त्याला तोल राखायला तीच बैठक सोपी पडते. पाट द्या, बैठक बदलेल.

मान मागे टाकून घास

ही चूक सगळ्यात धोक्याची आणि सगळ्यात प्रेमाने होणारी. मूल मांडीवर आडवं, मान मागे, वरून घास. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते आणि घास फुफ्फुसाकडे जाऊ शकतो. मूल बसतं हवं, मान किंचित पुढे, आणि भरवणारी व्यक्ती त्याच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली. उभं राहून भरवलं की ते वर बघतं आणि मान पुन्हा मागे जाते.

काय भरवतो तेही बघा. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर आपला जीव, पण चटणीचा कोरडा भुगा गिळायला अवघड. पातळ आमटीत शितं असतील तर पाणी आधी घशात उतरतं आणि शितं तोंडातच राहतात, त्यामुळे ठसका लागतो. काहींना मऊ भाकरी दुधात गुठळी न ठेवता कुस्करलेली चालते. कुणाला काय, हे मॅडम ठरवतात. जेवताना खोकला, डोळ्यांत पाणी, जेवणानंतर घशात पाणी साठल्यासारखा आवाज, वरचेवर छाती भरणं: यातलं काहीही दिसलं तर भरवणं थांबवा आणि त्याच दिवशी फोन करा.

फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा तर नाहीच. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

विड्या आणि चादर

मी एका आईला रोज पाऊण तासाचे व्यायाम लिहून दिले होते. कागद छान होता. ती रोज हजार विड्या वळायची. तो कागद पुढच्या वेळी मला चहाच्या पातेल्याखाली दिसला. राग आला होता, खोटं कशाला बोलू! मग मॅडमनी तेच व्यायाम तिच्या दिवसात बसवले. अंघोळीनंतर सदरा घालताना कमजोर हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी बाहेर. चार बटणं आईने लावायची, शेवटचं मुलाने. ते जमलं की शेवटची दोन त्याची. याला वेगळा वेळ लागत नाही.

त्याच घरात मी आणखी एक शहाणपणा केला. बोटांना व्यायाम म्हणून मुलाच्या हातात विडीचं पान आणि कात्री दिली. मॅडमनी फोटो बघितला आणि झाडलं. शेजारी तंबाखू, हवेत तिची धूळ, आणि मुलाला विडीच्या कामाला लावल्यासारखं ते वेगळंच. त्याऐवजी भुईमुगाच्या शेंगा सोलायला दिल्या. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने फोडायचं. दोन्ही हात लागतात. दाणा तोंडात घालणारं लहान मूल असेल तर शेंगाही नकोत, वाटाण्याच्या रिकाम्या शेंगा द्या.

चादरीचंही तसंच. अंगावर दाब आला की काही मुलं शांत होतात, म्हणून चादरीत गुंडाळायची कल्पना सुचते. पण सोलापुरी चादर म्हणजे जाडजूड, आणि एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर. थेरपिस्टने सांगितल्याशिवाय नाही, तोंड झाकून कधीच नाही, आणि मुलाला स्वतः बाहेर येता आलं पाहिजे.

किरकोळ, पण महागात पडणाऱ्या

पाण्याच्या दिवशी सेशन ठेवू नका. नळ आला की घरातलं कुणी तुमच्याकडे बघणार नाही. ठेवलंच तर तांब्याने बादली भरणं हेच सेशन. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यात नवं काही सुरू करू नका.

ज्या घरात माग आहे तिथे आवाजाचा दोष लगेच मागाला देऊ नका. माझ्याकडचा एक मुलगा खटखटाटात गाढ झोपायचा आणि वीज गेली, माग थांबला, की दचकून उठायचा.

दार उघडं ठेवा, घरातलं मोठं माणूस नजरेत असू द्या. मुलाचा व्हिडिओ आईबापाला विचारल्याशिवाय काढू नका आणि गटावर तर टाकूच नका.

आणि स्प्लिंट. हाताचं प्लास्टिकचं स्प्लिंट गरम पाण्यात मऊ करून मुलाच्या हातावर घडवतात. उन्हात उभ्या स्कूटीच्या डिकीत विसरलं तर वाकू शकतं. माझ्या हातून एकदा झालंय. वाकलेलं स्प्लिंट घरी दाबून सरळ करू नका, परत करायला पाठवा. नवं घातल्यावर काढून कातडी बघा. लाल वळ वीस मिनिटांत गेला नाही तर ते पुन्हा न घालता मॅडमना दाखवा. मी आता स्प्लिंट ओल्या टॉवेलात गुंडाळून खांद्यावरच्या पिशवीतून नेते.