डव्हटेल जिग: आधी खोली, मग बाकीचं

डव्हटेल म्हणजे पसरट शेपटीसारखे दात खाचांत अडकवून केलेला लाकडाचा सांधा, आणि जिग म्हणजे तो राउटरने (फिरत्या पात्याच्या हातयंत्राने) कापायचा साचा. जिग टेबलाला आवळा, फळ्या चौकोनी कापून घ्या, बिटला म्हणजे राउटरच्या पात्याला हात लावण्याआधी प्लग काढा. हे ज्यांना सांगावं लागतं त्यांनी अजून राउटर विकत घेऊ नये.

मी सांगतोय ते ड्रॉवरच्या अर्ध्या झाकलेल्या डव्हटेलबद्दल, म्हणजे समोरून सांधा दिसत नाही तो. नेहमीच्या जिगला अर्धा इंची, 14 अंशांचा बिट आणि 7/16 इंची गाइड बुश (राउटरच्या तळाला बसणारी, टेम्प्लेटच्या कडेला घासत जाणारी गोल कडी) लागतो. टेम्प्लेटच्या, म्हणजे जिगवरच्या कंगव्यासारख्या पट्टीच्या, बोटांचं अंतर 7/8 इंच, म्हणजे साधारण 22.2 मिमी. ड्रॉवरच्या फळीची उंची त्याच्या पटीत घ्या, उदाहरणार्थ 111 मिमी, की वरखाली अर्धवट शेपटी उरत नाही.

दर्शनी फळी आडवी, टेम्प्लेटखाली. बाजूची फळी उभी, पुढे. दोघींची आतली बाजू उघडी राहते: आडवीची वर, उभीची तुमच्याकडे. पेन्सिलीने मोठ्ठं 'आत' लिहा. खालची कड नेहमी स्टॉपला टेकवा; मग आपोआप दोन कोपरे डाव्या बाजूला कापले जातात, दोन उजव्या.

आता खोली. माझे पहिले दोन महिने इथेच गेले.

सांधा सैल आला की मी बुश बदलायचो, टेम्प्लेट पुढेमागे सरकवायचो, एकदा तर नवा बिट आणला. यातलं काहीही करू नका. सैल-घट्ट ठरतं ते फक्त बिट किती खाली उतरलाय त्यावर. डव्हटेल बिट टोकाशी रुंद आणि वर निमुळता असतो. तो खोल गेला की फळीच्या टोकाशी त्याचा अरुंद भाग येतो, दोन शेपट्यांमधलं लाकूड कमी कापलं जातं, शेपटी जाड राहते. समोरच्या खाचेच्या तळाची रुंदी मात्र तेवढीच. म्हणून सैल असेल तर बिट खाली सोडा, घट्ट असेल तर वर घ्या. मन उलटं सांगतं, त्याचं ऐकू नका. एका वेळी 0.3 मिमी, त्याहून जास्त नाही. दर वेळी नवा चाचणीचा तुकडा कापा, आणि तो त्याच फळीचा हवा. रे रोडच्या वखारीतून आणलेल्या सागाचा सांधा पॅकिंगच्या पाइनवर जुळवून बघण्यात अर्थ नाही.

बरोबर बसतो तो कसा ओळखायचा? हाताने अर्धा आत जातो, उरलेला रबरी हातोड्याच्या दोन-तीन टोल्यांत. कोरडाच घण घालून बसवावा लागत असेल तर गोंद लावल्यावर तो अर्ध्यावरच अडकेल, कारण लाकूड पाणी पिऊन फुगतं.

एवढं करूनही एकदा पहिला कोपरा मस्त बसला आणि चौथा आत जाईना. जिगला शिव्या घातल्या. चूक कॉलेटमध्ये, म्हणजे राउटरमध्ये बिटचा दांडा पकडणाऱ्या चापात होती. नागदेवी स्ट्रीटवर मला 12 मिमी दांड्याचा बिट 'चालतो हो, सगळे हाच नेतात' म्हणत विकला होता, आणि माझा कॉलेट अर्धा इंची, म्हणजे 12.7 मिमी. कितीही आवळला तरी दांडा हळूहळू घसरत होता, बिट खाली जात होता आणि प्रत्येक सांधा आधीच्यापेक्षा घट्ट होत होता. 6 मिमी आणि पाव इंचाचंही हेच. दांडा मोजायला व्हर्निअर खिशात घेऊन जा, दुकानदार हसला तर हसू दे. बिट कॉलेटमध्ये पूर्ण घाला, दोन-तीन मिमी वर ओढा, मग आवळा.

खोली जमल्यावरच पुढचे स्क्रू. बाजूची फळी दर्शनी फळीच्या टोकाबाहेर राहिली तर खाच उथळ आहे, टेम्प्लेट मागे, तुमच्यापासून दूर सरकवा. आत बुडाली तर पुढे ओढा. वरच्या-खालच्या कडा जुळत नसतील तर बाजूचे स्टॉप हलवा. दोन्ही फळ्या एकमेकींपासून बाजूला बोटांच्या अंतराच्या निम्म्याने, म्हणजे 11.1 मिमीने सरकलेल्या हव्यात.

कापताना आधी उजवीकडून डावीकडे पुढच्या कडेवर अगदी हलका ओरखडा काढा. राउटर इथे स्वतः पळायला बघतो, दोन्ही हातांनी धरा. हा ओरखडा काढला नाही तर प्लायचे ढलपे निघतातच. मग डावीकडून उजवीकडे प्रत्येक बोटात आत-बाहेर.

शेवटी राउटर आडवा बाहेर ओढा, बंद करा, बिट पूर्ण थांबू द्या आणि मगच उचला. फिरता बिट वर उचललात की तो टेम्प्लेटचं बोट खातो. माझ्या जिगचं डावीकडून तिसरं बोट असंच अर्धं गेलंय.

मनासारखा बसलेला, खाचेचा एक तुकडा फेकू नका. पुढच्या वेळी तो टेम्प्लेटखाली बसवून राउटर टेम्प्लेटवर ठेवायचा आणि बिटचं टोक खाचेच्या तळाला टेकेपर्यंत सोडायचं, की खोली परत तिथल्या तिथे मिळते. माझा तुकडा जिगलाच सुतळीने बांधलाय.