बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार: गावात राहून उपचार कसे घ्यावेत

जवळचे माणूस सोडून जाईल या भीतीने व्याकूळ होणे, क्षणात टोकाचा संताप येणे आणि स्वतःला इजा करून घेणे असे वर्षानुवर्षे चालू असेल, तर तो बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असू शकतो; त्याला नाटक किंवा बाहेरची बाधा न म्हणता मनोविकारतज्ज्ञांकडून निदान करून घ्यावे. जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथे जाता येते. जाण्यापूर्वी घडलेले प्रसंग तारखेनिशी लिहून न्यावेत, कारण एका भेटीत हा आजार क्वचितच पूर्ण दिसतो.

या विकारावर खास असे औषध नाही. गोळ्या उदासी किंवा अस्वस्थता कमी करण्यापुरत्या दिल्या जातात. खरा उपचार म्हणजे दीर्घकाळ चालणारे मानसोपचार. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत असह्य क्षण निभावून नेण्याची आणि भावना आवरण्याची कौशल्ये साधारण वर्षभर शिकवली जातात. ती जवळ मिळत नसेल, तर एकाच मानसशास्त्रज्ञाकडे नियमित जावे आणि पेरणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत फोनवर भेट ठरवावी, पण खंड पडू देऊ नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. मात्र तो या उपचाराला पर्याय नाही.

घरच्यांनी आधी दुःख मान्य करावे, मग मर्यादा सांगावी: “तुले लय वाईट वाटून राहिलं, हे समजते मले. मी इथंच आहो, पण भांडे फेकू नको.” जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावे, विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही.

मला सर्वांत निकडीची वाटते ती फवारणीची बाटली. मरणाची ऊर्मी अनेकदा थोड्या वेळात ओसरते, पण तेवढ्यात हाताशी कीटकनाशक असेल तर सावरायला संधी उरत नाही. म्हणून ते घरात किंवा गोठ्यात न ठेवता विश्वासू शेजाऱ्याकडे कुलपात ठेवावे, आणि गोळ्यांची पाकिटे एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावीत. विष घेतलेच, तर उलटी करवू नये. १०८ ला फोन करून बाटलीसह रुग्णालय गाठावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि सहसा तिला शिक्षा होत नाही, त्यामुळे डॉक्टरांपासून काहीही लपवू नये.