जुन्या युरोपीय ठशांमधला गोवा : या चुका टाळा

सर्वांत चिवट चूक म्हणजे ठशाला, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राला, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार समजणे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस असलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तेथील माणसे पाहिली, हे खरे. परंतु त्याच्या प्रवासवर्णनातील चित्रे १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापली गेली, तेव्हा ती तांब्याच्या पत्र्यावर डूटेकुम घराण्यातील कारागिरांनी कोरली होती. पुढे फ्रांकफुर्टच्या द ब्री बंधूंनी तीच चित्रे पुन्हा कोरताना कित्येकदा सुट्या आकृती एकाच देखाव्यात गोवल्या आणि मागे पदरचा निसर्ग उभा केला. आज महाजालावर सहज सापडते ती बहुधा ही नक्कल, आणि घाईतला अभ्यासक तिलाच मूळ मानून मोकळा होतो.

या घाईचा फटका मीही खाल्ला आहे. एका व्याख्यानात मी सुट्या ठशातील शिपायाच्या उजव्या कमरेची तलवार दाखवून तो डावखुरा असल्याचे ठासून सांगितले. मागच्या रांगेतील, छापखान्यात आयुष्य काढलेल्या एका आजोबांनी शांतपणे विचारले, "आरशात धरून पाहिलंत का?" छापील चित्र समोर ठेवून जसेच्या तसे पत्र्यावर कोरले, की छाप उलटा उमटतो, एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो. तेव्हापासून पाकिटात छोटा आरसा असतो. संगणकावर चित्र उलटवण्याची सोय आहे, पण आरसा काढताना हात थांबतो आणि डोळे पाहू लागतात.

रंगांवरून वस्त्रांचा निष्कर्ष काढू नये. ठसा काळ्या शाईचा असतो, रंग नंतर हाताने भरतात, कधी शतकांनीही.

शिंगे आणि वासलेला जबडा दिसताच 'नरसिंह' असे लिहू नये. १५१० मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात वार्थेमा या इटालियन प्रवाशाने कालिकतच्या देवाला चार शिंगे आणि पोपसारखा तिहेरी मुकुट चढवला, तो त्याच्या घरच्या, म्हणजे ख्रिस्ती चित्रांतल्या, सैतानावरून.

मात्र गोव्याच्या बाजाराचा ठसा सावकाश पाहावा. रुआ दिरैता या हमरस्त्यावर सकाळी सात ते नऊ लिलाव चाले, असे लिन्सखोटेन सांगतो. 'लिलाव' हा आपला शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. चेहऱ्यांआधी छत्र्या पाहाव्यात : सावली कोणावर पडते आणि दांडा कोणाच्या हातात आहे.